टोपडं घातलेला वरवंटा

‘दुसरं कधी?’ या प्रश्नाला माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं : ‘पहिलं अजून संपलेलं नाही.’ लोक हसायचे, विषय बदलायचा आणि मी पुढे तासभर आतल्या आत धुमसत राहायचे. आई पुण्याहून फोनवर विचारायची. ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी विचारायचे. एकदा तर रिक्षावाल्यानं विचारलं. मुलगी माझ्या मांडीवर बसलेली बघून त्यानं आरशातून हसत ‘ओंदेना?’ केलं, म्हणजे एकच का? एवढं कन्नड मला तोवर कळायला लागलं होतं, हे माझं दुर्दैव. त्या दिवशी उतरताना मी त्याच्याशी काहीही कारण नसताना वाद घातला.

विचारत नव्हता तो फक्त माझा नवरा. ‘तू म्हणशील तेव्हा,’ एवढंच तो एकदा म्हणाला होता आणि त्यानंतर या विषयावर त्यानं तोंड म्हणून उघडलं नव्हतं. हे वाक्य ऐकायला फार समंजस वाटतं. माझ्या मैत्रिणींना तर त्याचं इतकं कौतुक, की विचारू नका. पण अशा वाक्याबरोबर राहून बघा. सगळं तुमच्यावर सोपवून समोरचा माणूस निवांत पेपर वाचत बसतो आणि तुम्हाला धड भांडताही येत नाही.

खरं सांगायचं तर मला दुसरं मूल हवं होतं. आणि मला त्याची भयंकर भीतीही वाटत होती. मी तयार होण्याची वाट बघत होते. भाताला वाफ आली की कळतं, तसं एक दिवस आपल्याला आतून कळेल, अशी माझी समजूत होती. मुलगी पाचाची व्हायला आली, मी छत्तिशीत पोचले, तरी काही कळण्याचं चिन्ह नव्हतं.

मुलगी झाली तेव्हा आम्ही बंगळुरातल्या महादेवपुऱ्यात एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर राहत होतो. दोघांचीही ऑफिसं जवळ, म्हणून घेतलेलं घर. आई तीन महिने राहून पुण्याला परत गेली, नवऱ्याचं काम नेमकं त्याच वर्षी अंगावर आलं, आणि मी त्या चकचकीत घरात एका रडणाऱ्या जिवाबरोबर एकटी उरले. शेजारी कोण राहतं हे मला वर्षभर कळलं नाही. दुपारी लिफ्टचा आवाज आला की मी दाराशी जाऊन उभी राहायचे, की कुणी आपल्या मजल्यावर उतरतंय का. पोर गोड होती. पण त्या वर्षाची आठवण कुणी काढली, की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

मग आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला आलो. खाली घरमालकीण, वर आम्ही. मालकीणबाईंना अख्खी गल्ली अज्जी म्हणते. त्यांचं घराणं मराठीच, पण बंगळुरात इतक्या पिढ्या काढलेलं, की मूळ गाव कुठलं हे त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, त्यात निम्मं कन्नड. माझ्या पुणेरी मराठीला त्या ‘पुस्तकातलं’ म्हणतात आणि मी काही लांबलचक बोलले, की नवऱ्याकडे बघून, ‘काय म्हणाली रे ती?’ असं विचारतात. माझा नवरा निपाणीचा. त्याला दोन्हीकडचं कळतं, त्यामुळे अज्जींचा तो फार लाडका.

अज्जींची नात बाळंतपणाला आजोळी आली होती. तिच्या बाळाचं बारसं खालच्या दिवाणखान्यात झालं. पाळण्याला शेवंतीच्या माळा, केळीच्या पानावर डाळीची कोसंबरी, चित्रान्न-भात आणि होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, वाट्यांतून घुगऱ्या. बारशी मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात हे मला ठाऊक होतं. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. पण अज्जींच्या घरच्या वरवंट्याचा थाट मी नव्हता पाहिला. हा त्यांचा रोजचा, चटणी वाटायचा, लांबट आणि मधे फुगीर वरवंटा. सकाळी त्याला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. अंगात झबलं, डोक्याला टोपडं, गालावर काजळाची तीट, वरून मऊ दुपटं. अज्जी त्याला गुंडप्पा म्हणत. अज्जींची सगळी मुलं त्या पाळण्यात गुंडप्पाच्या मागून निजली होती.

त्यांच्या घरची आणखी एक रीत मला ठाऊक नव्हती. गुंडप्पा पाळण्यात जायच्या आधी जिच्या मांडीवर जागा आहे अशा एखाद्या बाईच्या हातात देतात. अज्जी तो कडेवर घेऊन भरल्या दिवाणखान्यातून थेट माझ्याकडे चालत आल्या.

‘घे. तुझ्यासारखी कोण आहे इथं? पोर मोठी झाली, मांडी रिकामी.’

पंचवीस-तीस बायका माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते प्रेमळ, ओलं हसू. माझ्या कानशिलापर्यंत संताप चढला.

‘माझी मांडी रिकामी नाहीये, अज्जी,’ मी म्हटलं. ‘त्यावर लॅपटॉप असतो.’

कुणी हसलं नाही. कोपऱ्यात उभा असलेला नवरा छताकडे बघायला लागला. तेवढ्यात माझ्या शेजारून दोन हात पुढे झाले. परकराचा ओचा कमरेला खोचून माझी मुलगी उभी होती.

‘मी घेते,’ ती म्हणाली. ‘मला द्या. माझी मांडी रिकामी आहे.’

मग मात्र सगळा दिवाणखाना हसला. अज्जींनी मोठ्या मानानं गुंडप्पा तिच्या हातात ठेवला. पुढे केलेल्या हातांवर तो तिला पेलेना. नवरा धावत पुढे आला आणि त्यानं खालून आधार दिला. दोघांनी मिळून तो पाळण्यात निजवला, चार झोके दिले, मग त्याला काढून खरं बाळ ठेवलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत सगळ्यांनी हौसेनं धपाटे घातले, आणि माझ्या मांडीचा विषय होळिगेवरच्या तुपात बुडाला.

जेवणं झाल्यावर मुलगी आतल्या खोलीत गादीवर झोपून गेली होती. नवऱ्यानं तिला उचलली, दुपट्यासकट वर आणली, पलंगावर ठेवली. ‘आज फारच जड लागतेय,’ असं तो जिन्यात म्हणालादेखील. होळिगे किती खाल्ल्या असतील याचा आम्ही हिशेब करत होतो. संध्याकाळी ती उठून बसली, तर तिच्या कुशीत टोपडं घातलेला वरवंटा.

अज्जींच्या घरची पिढीजात वस्तू आम्ही बारशातून उचलून आणली होती. मी कपाळाला हात लावला आणि तशीच तो घेऊन खाली गेले. अज्जी दारातच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि मग रस्त्याकडे बघायला लागल्या.

‘अज्जी, चुकून वर आला हा.’

‘आता नको. राहुकाळ आहे. घरात आलेलं लेकरू राहुकाळात परत करू नये.’

‘उद्या आणते.’

‘सरी, उद्या आण.’

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर तेव्हाही राहुकाळ. दुपारी गेले, तर राहुकाळ. मी फोनमध्ये पंचांग उघडून बघितलं. दोन्ही वेळा नव्हता. फोन त्यांच्यापुढे धरला, तर म्हणाल्या, ‘ते तुमच्या पुण्याचं असेल.’ पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गुंडप्पाला घेऊन परत जिना चढले आणि मुलीनं वरून टाळ्या वाजवल्या.

तर असा तो आमच्याकडे राहायला आला. मुलीनं त्याच्यासाठी उशांचं कुंपण केलं. रोज त्याला दूध दाखवलं जाई आणि ते तिच्या पोटात जाई. तो उताणा झोपतो, कुशीवर झोपत नाही, त्याला पंख्याचा वारा आवडत नाही, अशा त्याच्या सवयी आम्हाला कळू लागल्या. एकच अडचण होती. अज्जींना मिक्सरमधली चटणी घशाखाली उतरत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालून मुलीला हाक मारली, ‘पुट्टी, तुझ्या बाळाला खाली पाठव. काम आहे.’

त्यावर दोघींनी आपसात तोडगा काढला. सकाळी मुलगी शाळेत जाताना गुंडप्पाला खाली सोडायची. ‘मी शाळेत, तो अज्जीकडे,’ असं ती स्कूलव्हॅनमधल्या सगळ्यांना सांगायची. तो दिवसभरात खोबऱ्याची नाहीतर पुदिन्याची चटणी वाटायचा. मग अज्जी त्याला घासूनपुसून, तेलाचं बोट फिरवून, टोपडं चढवून तयार ठेवायच्या, आणि मुलगी दुपारी त्याला पोटाशी कवटाळून, एकेक पायरी चढत वर यायची. टोपड्याला हिरव्या मिरचीचा वास यायचा. जगातल्या कुठल्याही बाळाला तसला वास येत नसेल. नवरा त्या टोपड्यात नाक खुपसून म्हणायचा, ‘आहा! आज लसूण आहे बघ की.’

त्याला तेव्हा मी नीट बघितलं. तो गुंडप्पाला उचलताना मानेखाली हात घालायचा. वरवंट्याला मान नसते. तरीही न चुकता एक हात खाली, एक हात मानेखाली.

‘आपलीच्या जन्माच्या वेळी एवढंच वजन होतं,’ तो एकदा म्हणाला आणि लगेच काहीतरी चुकल्यासारखा गुंडप्पाचं टोपडं सारखं करायला लागला. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मी घरून काम करते त्यातला तो एक दिवस होता. दुपारी महत्त्वाची मीटिंग चालू होती, आणि मुलगी गुंडप्पाला घेऊन खोलीत आली. तिला सू लागली होती. ‘याला जरा धर,’ असं म्हणून तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि पळाली. मी एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्या हातानं माउस. समोर कुणीतरी तक्ते दाखवत होतं. पुढच्या तिमाहीत काय काय करायचं त्यावर मी बोलायला लागले. बोलता बोलता उभी राहिले, कारण खांदा अवघडला होता. माझा कॅमेरा चालू आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम पुढे झुकले. मग आमच्या टीममधला नागपूरचा एकजण हिंदीत ओरडला, ‘अरे, दूसरा कब हुआ? बताया भी नहीं!’

मी पडद्यावर स्वतःला बघितलं. खांद्यावर टोपडं घातलेलं एक गाठोडं, माझा तळवा त्याच्या पाठीवर थोपटतोय, आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलतेय. किती वेळ डुलत होते कुणास ठाऊक. ते डुलणं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विसरलेही नव्हते. अभिनंदनांचा पाऊस सुरू झाला. कुणी हृदय पाठवतंय, कुणी फुगे. मॅनेजरबाईंनी विचारलं, ‘नाम क्या रखा?’

मी म्हटलं, ‘अभी रखा नहीं.’

मग भानावर आले आणि दुपटं बाजूला करून सगळ्यांना वरवंटा दाखवला. लोक खुर्चीतून पडेस्तोवर हसले. मीही हसले. मीटिंग संपली, कॅमेरा बंद केला, आणि खांद्यावरचा दगड खाली ठेवायला माझा हात तयार होईना. तेव्हा मात्र मला स्वतःचाच राग आला. दगडानं आपल्याला फसवलं, असं काहीतरी वाटलं. मुलगी टीव्हीसमोर बसली आहे हे बघून मी गुंडप्पाला काखोटीला मारलं आणि तरातरा खाली गेले. आता राहुकाळ असो नाहीतर ग्रहण.

अज्जी स्वयंपाकघरात पाट्यापाशी बसून नारळ खवत होत्या. मी वरवंटा त्यांच्यासमोर ठेवला.

‘आज मी ऐकणार नाही, अज्जी. हा तुमचा तुम्हाला.’

‘सरी,’ त्या म्हणाल्या आणि त्याचं टोपडं काढून खुंटीला अडकवलं. एवढ्यावर मी परत फिरायला हवं होतं. पण मी तिथंच जमिनीवर बसले आणि अनेक महिने मनात घोळत असलेला प्रश्न त्यांना विचारून टाकला. म्हटलं, आपली तयारी झाली आहे हे बाईला कळतं कसं? तुम्हाला कसं कळलं होतं?

अज्जी खवणी थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. माझं मराठी पुस्तकातलं असल्यामुळे त्यांना समजलं नाही की काय, असं मला वाटलं.

‘मला?’ त्या म्हणाल्या. ‘मला पाच झाली. तयार आहेस काय, म्हणून एकदा तरी कुणी विचारलं काय मला? यजमानांनी नाही. सासूनं नाही. झालं ते झालं. आयतु.’

‘आणि विचारलं असतं तर?’

त्यांनी खरोखरच विचार केला. मूठभर खोबरं पाट्यावर घेतलं, त्यावर मिरच्या ठेवल्या.

‘दोनावर थांबले असते,’ त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे मान वळवून आवाज खाली आणला. ‘कुठली दोन, ते तेवढं विचारू नकोस. एकजण आत झोपलाय.’

आम्ही दोघी इतक्या हसलो, की आत झोपलेला साठीचा लेक उठून बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. अज्जींनी पदरानं डोळे पुसले. मला म्हणाल्या, ‘मला त्या तयारीतलं काही ठाऊक नाही गं. तुला विचारणारे आहेत, तर तू सांग की. इथं बसून काय मिळणार? स्वल्प चटणी घेऊन जा.’

चटणीची वाटी हातात घेऊन जिना चढताना मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं. अकराव्या मजल्यावर मी वर्षभर एका लिफ्टच्या आवाजाची वाट बघितली होती, आणि इथं मी कुणाच्याही स्वयंपाकघरात न विचारता जाऊन जमिनीवर बसते, हसते, वर वाटी भरून चटणी घेऊन येते. मला भीती बाळाची वाटतच नव्हती. बाळाला तर माझा खांदा दगडाच्या रूपातही ओळखत होता. मला भीती त्या घराची होती, आणि ते घर आम्ही केव्हाच सोडलं होतं. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नाही, याचा मला राग आला आणि आनंदही झाला.

नवऱ्याशी बोलायचं होतं, पण ते जेवणाच्या टेबलावर, मुलीच्या लांब कानांसमोर शक्य नव्हतं. रविवारी सकाळी तो गच्चीवर कपडे वाळत घालत होता. मी बादलीतून एकेक कपडा पिळून त्याच्या हातात देत होते.

‘तुला दुसरं हवंय का?’ मी विचारलं. ‘तू म्हणशील तेव्हा, हे उत्तर चालणार नाही. तुला हवंय का ते सांग.’

तो उशीचा अभ्रा हातात धरून उभा राहिला. अभ्र्यातून पाणी त्याच्या पायावर ठिबकत होतं.

‘हवंय,’ तो म्हणाला. ‘लई हवंय.’

निपाणी बाहेर आली म्हणजे माणूस खरं बोलतोय, हे मला लग्नाच्या अनुभवावरून ठाऊक आहे.

‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’

‘तुझं ते वर्ष मी बघितलं होतं. म्हणजे, नीट बघितलंसुद्धा नाही, कामातच होतो. मागाहून कळलं. तू दार उघडायचीस तेव्हा तुझा चेहरा कसा असायचा, ते मला आठवतं. परत त्यात तुला ढकलायचं कुठल्या तोंडानं म्हणू?’

‘म्हणून मला एकटीलाच ठरवायला ठेवलंस? म्हणजे ते वर्षही मी एकटीनं काढायचं आणि हेही एकटीनं ठरवायचं?’

माझा आवाज चढला होता. समोरच्या गच्चीवर एक बाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि आमच्याकडे तोंड करून बसल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. आपल्या समंजसपणाचा दुसऱ्याला एवढा त्रास होऊ शकतो, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

‘चुकलं माझं,’ तो म्हणाला. ‘आता सांगतो. मला मूल हवंय. या खेपेला रजा मी घेणार. रात्रीचं रडणं माझ्याकडे. आणि हे घर सोडायचं नाही.’

‘घराचं मीच म्हणणार होते.’

‘मग भांडतोय कशाला आपण?’

‘कारण मला भांडायचं होतं,’ मी म्हटलं. ‘फार दिवस राहिलं होतं.’

त्यानं ओला अभ्रा माझ्या डोक्यावर टाकला. समोरच्या बाई खुदकन हसल्या आणि पुन्हा मिरच्या पसरायला लागल्या. मी अभ्र्याच्या आतून हसत होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं, की त्या क्षणी कुणीही ‘दुसरं कधी?’ म्हणून विचारलं असतं, तर मी त्याला मिठी मारली असती. रिक्षावाल्यालासुद्धा.

मुलीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. गुंडप्पाला मी खाली देऊन आले त्याच दिवशी ती त्याला परत घेऊन आली होती. मला वाटलं होतं, आता हे पोर त्याला जन्मभर सोडत नाही. पण एका सकाळी दूध पिताना तिनं पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, ‘मी याला अज्जीला देऊन टाकणार आहे.’

‘का गं?’

‘त्याला तिकडे काम असतं. आणि हा रडतच नाही.’

‘मग चांगलंच की.’

‘नाही,’ ती म्हणाली. आम्हाला एवढीशी गोष्ट कळत नाही म्हणून तिची चिडचिड झाली होती. ‘मी घेतलं तरी गप्प, ठेवलं तरी गप्प. मी शाळेतून आले ते त्याला कळतच नाही. मला रडणारं हवंय.’

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी ताटातल्या उपिटाकडे बघितलं. मला जे इतकी वर्षं सांगता आलं नव्हतं, ते हिनं दूध पिता पिता सांगून टाकलं होतं.

‘मलाही,’ मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खाली गेलो. घरात आलेल्याला रिकामं पाठवू नये, म्हणून गुंडप्पाबरोबर नारळ, खण आणि मोगऱ्याचा गजरा दिला. अज्जींनी तो घेतला. राहुकाळाचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी तेच टोपडं त्यांनी खुंटीवरून काढलं. बारसं त्यांच्याच दिवाणखान्यात केलं, कारण वर एवढी माणसं मावली नसती. पुण्याहून आई आली, निपाणीहून सासूबाई आल्या, ऑफिसातली मंडळी महादेवपुऱ्याहून अख्खं शहर ओलांडून आली आणि बाळाआधी वरवंटा बघायला मागू लागली. नवऱ्याची रजा चालू होती. रात्रींच्या जागरणानं त्याचे डोळे आत गेले होते आणि तो प्रत्येकाला मोठ्या अभिमानानं ते दाखवत होता. अज्जींनी गुंडप्पाला आणून आधी माझ्या मुलीच्या हातात दिला. आता तो तिला एकटीला सहज पेलत होता. तिनं तो पाळण्यात ठेवला, झोके दिले, त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि काढून अज्जींकडे दिला.

मग माझी पाळी आली. बाळाला हातात घेऊन मी पाळण्यापाशी उभी राहिले. मी तयार होते का? नव्हते. टाके ओढत होते, झोप झालेली नव्हती, आणि पुढच्या वर्षी ऑफिसचं काय करणार आहे याचा मला पत्ता नव्हता. भाताला येते तशी वाफ काही मला शेवटपर्यंत आली नाही. पण मला ते बाळ हवं होतं आणि ते माझ्या हातात होतं. मी इतकी सुखात होते, की बायकांच्या त्या ओल्या हसण्याचासुद्धा मला राग येईना.

मी त्याला पाळण्यात ठेवलं मात्र, त्यानं तोंड उघडून असा काही टाहो फोडला, की सनईची रेकॉर्ड ऐकू येईना. सगळ्या बायका एकदम पुढे सरसावल्या. आई म्हणाली भूक लागली असेल, सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, अज्जी म्हणाल्या टोपडं घट्ट झालंय. उचलायला चारी बाजूंनी हात आले.

माझी मुलगी पाळण्यासमोर दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

‘कुणी गप्प करू नका त्याला,’ ती म्हणाली. ‘आम्ही रडणारंच मागितलं होतं.’